मामाजींच्या नावाची ओळ

मामाजी,

आज ऑफिसात नवीन आलेल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मॅक्रो कोणत्या क्लासला शिकलात?" म्हटलं, "सासऱ्यांकडे." तिला वाटलं, मी गंमत करते. खरं सांगूनही लोकांना पटत नाही, त्याला मी काय करू?

अमरावतीच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत, रिटायर झाल्यावर तुम्ही हौसेनं घेतलेला तो कॉम्प्युटर. अकोल्याला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती आणि परीक्षेत मॅक्रो, म्हणजे कॉम्प्युटरनं काम आपोआप करावं म्हणून लिहायचा छोटा प्रोग्रॅम, लिहायला येणार होता. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "पास झाली तं जाय. नाई झाली तं पुन्हा नोकरीचं नाव काढू नको." मला बाहेर पडायचंच होतं हो, मामाजी. स्वयंपाकघरात माझी बी.एस्सी. करपून चालली होती.

तुम्ही मला खुर्चीवर बसवता. सासऱ्यासमोर खुर्चीत बसायची सवय कुठली? मी काठावर टेकलेली, पदर सावरते आहे, आणि तुम्ही मागे उभे राहून समजावता आहात. सरावाला बार्शीटाकळी तालुक्याची फाइल वेगळी, तेल्हाऱ्याची वेगळी. मॅक्रोनं एकेक उघडायची, शेतकऱ्याचा नंबर शोधायचा, त्याच्या मातीचा रिपोर्ट उचलून आपल्या फाइलीत आणायचा. "पन फाइल कुठं ठेवली थे सांगा लागते ना त्याले. पाहुन्याले सांगतो ना आपन, अमक्या गल्लीत, अमक्याचं घर. तसा पुरा पत्ता लिव."

मी लिहिलं, चालवलं. फाइल सापडत नाही म्हणे. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच रडगाणं. तुम्ही चष्मा लावून वाकलात, ओळ वाचलीत आणि असे हसलात, की सासूबाई पोळपाट सोडून बाहेर आल्या. त्या कॉम्प्युटरात फाइलींचं फोल्डर होतं तुमच्या नावाचं. सासऱ्याचं नाव सुनेनं कसं घ्यावं? मी पत्त्यात तुमच्या नावाच्या जागी सरळ 'मामाजी' लिहून मोकळी झाले होते.

"अवं पोरी, त्या डब्ब्याले काय मालूम तू सून हायेस म्हून! लिव माह्यं नाव."

"नाही हो मामाजी, पाप लागंन."

"लागू दे मले. तू लिव."

सासूबाई डोळे वटारून उभ्या. मी एकेक अक्षर दाबत गेले आणि मॅक्रो सुटला की हो! फाइली भराभर उघडल्या, मिटल्या, रिपोर्ट ओळीनं येऊन बसले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता जेवाले तं चाला."

पुढं मी पास झाले. पहाटेच्या अकोल्याच्या गाडीसाठी तुम्ही मला स्कूटरवर बडनेरा स्टेशनला सोडायचे, कधी कुरकुर केली नाही. आज चार माणसं मला विचारून काम करतात, ती तुमची कमाई आहे. हे तुम्ही असताना म्हणायला हवं होतं, पण आपल्या घरात असं कोण बोलतं? आणि आता हे पत्र टाकू तरी कुठं?

एक सांगायचं राहिलंच. निकाल लागला त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "जाय, पयले तुह्या बाबाले फोन लाव." मी हो म्हटलं आणि तिथंच उभी राहिले. ज्या बाबांना पहिलं सांगायचं होतं, ते समोर बशीत चहा ओतून राहिले होते. तोंडातून मात्र 'मामाजी'च निघालं.