हिरव्या खुणेमागचा पत्ता

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनच तू म्हणशील, "झाली ताईची सभा सुरू." म्हण. आज माइक नाही, समोर माणसं नाहीत, टाळ्या वाजवायला कुणी नाही. दुपारनंतरची रजा टाकून घरी आलेय आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं सगळं बाजूला सारून लिहायला बसलेय. फोन केला असता तर मी ओरडले असते आणि तू "आवाज तुटतोय" म्हणत ठेवून दिला असतास. मेल केली असती, पण मेल पोहोचते या गोष्टीवरचा माझा विश्वास तूच उडवला आहेस. म्हणून हे पाकीट संध्याकाळी मी स्वतः तुझ्या हातात देणार.

आज सकाळी काकांच्या चौकशीची फाइल माझ्या हातात आली. कामगारांची प्रतिनिधी म्हणून उद्या मला त्यांच्या बाजूनं उभं राहायचंय, हे तुला माहीत आहे. सगळी कंपनी ज्यांना काका म्हणते, सव्वीस वर्षं ज्यांनी लसींची कोल्ड रूम स्वतःच्या घरापेक्षा जास्त जपली, त्या माणसाच्या निलंबनपत्रात लिहिलंय, "रोज लेखी माहिती मिळूनही हेतुपुरस्सर दुर्लक्ष." हेतुपुरस्सर! खोलीचं दार दोन मिनिटं जास्त उघडं राहिलं तर जो माणूस मला, पॅकिंगच्या मुख्य बाईला, चारचौघांत झापायचा, "ए बाई, बाहेरचा उन्हाळा आत आणू नकोस," त्याच्यावर हा शब्द! रागानं पानं उलटत गेले आणि सातव्या पानावर थांबले. एकोणपन्नास तारखा, एकोणपन्नास ओळी. प्रत्येक ओळीत कोल्ड रूमचा रोजचा रिपोर्ट, त्यापुढे "पोहोचला" आणि त्यापुढे एक हिरवी खूण. खाली तुझी सही. तीच वळणदार सही, जी शाळेच्या फॉर्मवर करता यावी म्हणून मी तुझ्याकडून अख्खी वही भरून गिरवून घेतली होती.

हे पान द्यायला तुझा हात कसा उठला रे?

तुला हे काम मिळालं तेव्हा मी पेढेवाल्यासारखी सगळ्या विभागांत मिरवत होते. माझा भाऊ रिपोर्टवाला! रोज पहाटे सहाला यंत्रं आपली आपण रिपोर्ट काढतात, आणि कुठला रिपोर्ट कुणाला, कुठल्या वाटेनं पोहोचवायचा ते माझा भाऊ ठरवतो. साहेबांना मोबाइलवर, रंगीत चित्रं काढून. विक्रीवाल्यांना मेलवर. आणि कोल्ड रूमला दाराशेजारच्या त्या खडखड्या प्रिंटरवर. काका आले की चहाच्या आधी तो कागद घ्यायचे, बोट लावून एकेक आकडा वाचायचे, कोपऱ्यात सही करून चिमट्याला अडकवायचे. दारावरची तबकडी फक्त दारापाशी किती थंड आहे ते सांगते. आत, मागच्या कोपऱ्यात, जिथं खोकी सगळ्यात दाटीनं रचलेली असतात, तिथला आकडा फक्त त्या कागदावर यायचा. साहेबांच्या रंगीत चित्रात सगळ्या खोल्यांची सरासरी. सरासरीत एक कोपरा कुजला तर कुणाला वास येतो?

मग तुझी ती कागदमुक्तीची बैठक झाली. पडद्यावर तू झाडं दाखवलीस, वाचलेल्या कागदाचे ढीग दाखवलेस. काका उठून म्हणाले, "मला माझा कागद दे बाबा, बाकीच्यांना खुशाल आकाशातून पाठव." सगळे हसले. तू म्हणालास, "काका, जग कुठं पोहोचलं आणि तुम्ही अजून चिमट्यात!" मग तर लोक खुर्च्यांवर लोळायचे बाकी राहिले. मी तिसऱ्या रांगेत होते. पाण्याच्या नळापासून रात्रपाळीच्या बसपर्यंत प्रत्येक गोष्टीवर जी बाई उभी राहून बोलते, ती त्या दिवशी ओठ शिवून बसली. कारण समोर माझा भाऊ उभा होता, नवा शर्ट घालून, आणि मोठे साहेब त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. त्या गप्प बसण्याची लाज मला आज वाटते आहे. त्या दिवशी वाटायला हवी होती.

प्रिंटर गेला. त्याच्या जागी कोल्ड रूमच्या नावानं एक मेलचा पत्ता लागायचा होता. तूच मला मागं समजावलं होतंस की नवी वाट सुरू करताना तुम्ही आधी तिथं स्वतःचा चाचणीचा पत्ता घालता, रिपोर्ट नीट निघतोय का ते पाहता आणि मग खऱ्या माणसाचा पत्ता टाकता. साधी गोष्ट. दोन मिनिटांची. बाकी बावीस ठिकाणी तू ती केलीस. कोल्ड रूमपाशी तुला कुणीतरी जेवायला हाक मारली असेल, नाहीतर साहेबांचा फोन आला असेल. पत्ता तुझाच राहिला. रिपोर्ट सहाला निघत राहिला, तुझ्याच एका न उघडलेल्या मेलपेटीत पडत राहिला आणि यंत्र इमानानं हिरवी खूण करत राहिलं. पाठवायचा तिथं पाठवला होता. यंत्राचं काय चुकलं?

एवढ्यावर मी तुझ्यावर चिडले नसते, धाकट्या. चूक माणसाकडून होते. मी एकदा शंभर खोक्यांवर उलटी लेबलं लावली होती आणि ती सोलताना तूच रविवारभर माझ्या शेजारी बसला होतास. पण काका तुझ्याकडे आले होते. गुडघे धरत तीन जिने चढून, एकदा नाही, दोनदा. "माझा कागद येत नाही रे." तू खुर्चीतून न उठता पडदा त्यांच्याकडे वळवलास आणि म्हणालास, "हे बघा काका, हिरवं दिसतंय ना? म्हणजे तुम्हाला पोहोचतोय." त्यांना नाही पोहोचला, असं समोर उभा असलेला जिवंत माणूस सांगत होता आणि तू त्याला पडद्यावर दाखवत होतास की त्याला पोहोचलाय! खुणेवर एकदा बोट टेकवलं असतंस तर खाली पत्ता दिसला असता. एकदा. तुला काकांपेक्षा ती खूण जास्त खरी वाटली.

आपण कुणाच्या पोटी जन्मलो ते आठवतं का तुला? आईची हॉस्पिटलच्या वॉर्डातली नर्सची पाळी दोनला संपायची आणि आपण दोघं फाटकाजवळच्या बाकावर दप्तरं घेऊन तिची वाट बघायचो. ती अडीचच्या आत कधी बाहेर आली नाही. तू भुकेनं रडायचास, मी तुला दटावायचे. एकदा मी तिच्यावर भडकले, "सगळं लिहून ठेवतेस ना वहीत? मग निघत का नाहीस?" ती म्हणाली, "मी लिहिलं म्हणून तिला कळलं असं होतं का गं? ती वाचून दाखवते, तोवर पेशंट माझाच असतो." पुढच्या पाळीची नर्स मोठ्यानं वाचायची, आई मान डोलवायची, आणि मगच चपला घालायची. शिकलेली फार नव्हती आपली आई. पण तुमच्या त्या तिसऱ्या मजल्यावर एकाला तरी तिच्याएवढं कळतं का? पोहोचलं की नाही हे पाठवणाऱ्यानं ठरवायचं नसतं. ज्याला पाठवलं त्यानं सांगायचं असतं. तुम्ही ते काम एका टिकलीएवढ्या हिरव्या ठिपक्याला दिलंत आणि हात झटकून मोकळे झालात.

शेवटच्या अकरा दिवसांत मागच्या कोपऱ्यातला आकडा रोज थोडा थोडा चढत गेला. एका दवाखान्यानं खोकं परत पाठवलं, कारण बाटल्यांवरच्या उष्णतेच्या खुणांचा रंग बदलला होता. मग धावपळ, मग माघारी आलेल्या गाड्या. लहान लेकरांच्या दंडात जायच्या लसी आम्ही पॅकिंगवाल्यांनी हातमोजे घालून पिंपांत ओतल्या. दोन दिवस ओतत होतो. आमच्यातली एक, जिची नात अजून पाळण्यात आहे, ती ओततानाही रडत होती. कुणावर तरी खापर फुटणारच होतं. ते सगळ्यात खालच्या मजल्यावर फुटलं. खापर नेहमी जिने उतरत येतं, चढून जाताना मी तरी पाहिलेलं नाही.

आणि मग तो रविवार. दुपारी तू माझ्याकडे आलास, गॅसच्या ओट्याला टेकून उभा राहिलास आणि लहानपणी काच फोडून यायचास तसा रडलास. सगळं सांगितलंस. शुक्रवारी तू ती पेटी उघडलीस, आत एकोणपन्नास रिपोर्ट न वाचलेले सापडले. आणि घाबरून पहिली गोष्ट काय केलीस, तर कोल्ड रूमचा पत्ता गुपचूप बरोबर करून टाकलास. "ताई, कुणाला सांगणार नाहीस ना?" मी काही बोलले नाही. तुला पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला. माझ्या न बोलण्याचा तू होकार केलास, आणि मी तो होऊ दिला. मला वाटलं, याला दोन दिवस देऊ. हा माझा भाऊ आहे, आईचा मुलगा आहे, सोमवारी नाही तर मंगळवारी स्वतः जाऊन सांगेल. सोमवार गेला. मंगळवारी तू हे सातवं पान छापून, सही करून दिलंस! त्यात पत्त्याचा रकानाच नाही. तो रकाना आपोआप गळत नाही ना रे? तो काढावा लागतो. चूक तुझ्या हातून झाली, धाकट्या. हे तू केलंस.

काल मी काकांच्या घरी गेले होते. मला वाटलं होतं ते संतापलेले असतील, कंपनीला शिव्या घालत असतील. ते खिडकीपाशी बसून शेजारणीचा जुना मोबाइल डोळ्यांजवळ धरून मेल उघडायला शिकत होते. काकू आतून म्हणाली, "चार दिवस हेच चाललंय, जेवायलाही उठत नाहीत. एवढ्या लक्षानं कधी माझ्याकडे बघितलं नाही." काका हसले नाहीत. मला म्हणाले, "तुझा भाऊ गुणी पोरगा आहे. त्यानं मला दाखवलं होतं, पोहोचतोय म्हणून. मलाच ते उघडता आलं नसणार. तू परवा चौकशीत त्यांच्याशी भांडू नकोस, मी माझी चूक कबूल करतो." ऐकतोस ना? तुझी चूक ते स्वतःच्या नावावर घ्यायला निघालेत, कारण तुझ्या शब्दावर त्यांचा अजून विश्वास आहे. चहा तसाच ठेवून उठले.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. चौकशी उद्या अकराला आहे. रिपोर्टविभागाचा माणूस म्हणून तुला बोलावलंय आणि प्रश्न विचारायचा हक्क माझा आहे. मी तुला विचारणार की त्या एकोणपन्नास दिवसांत कोल्ड रूमच्या खुणेमागे कुणाचा पत्ता होता. मग विचारणार की तो कधी बदलला आणि कुणी. कचाट्यात पकडायचं असतं तर हे आज लिहिलं नसतं. तू खोटं बोललास तर मी तिथंच सांगणार की रविवारी दुपारी माझ्या ओट्याशी उभं राहून तू काय कबूल केलंस, आणि ते माहीत असूनही कामगारांची ही प्रतिनिधी पाच दिवस गप्प बसली. ते ऐकल्यावर लोक मला त्या जागेवर ठेवणार नाहीत, ठेवूही नये. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. माझं जे व्हायचं ते होवो, पण काकांच्या तोंडून तो "माझी चूक" शब्द मी त्या खोलीत निघू देणार नाही. तुझ्याकडे सकाळी नऊपासून दोन तास आहेत. ती पेटी उघडून ठेव, चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभा राहा आणि माझ्या आधी तूच बोल. एकटं जायला भीती वाटत असेल तर मला हाक मार, मी दाराबाहेर उभी असेन. पण अकरा वाजले की मी आत जाणार, आणि आत गेल्यावर मी काकांची आहे.

अकरा वाजेपर्यंत फक्त तुझीच,
ताई