न भडकलेला स्टोव्ह

आई, आज सकाळी मी शेजारच्यांचा स्टोव्ह पोलिसांत जमा करून आले. त्याबरोबर एक चटईही. आता त्यांची धाकटी सून, ती भाजलेली पोर, जगली तर तिला त्या घरात परत जावं लागू नये, आणि न जगली तर ती स्टोव्हनं गेली असं कुणाला म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी मी हे केलं. बरोबर केलं की नाही हे विचारायला घरात कोणी नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तू गेलीस तेव्हा मी साताऱ्यात नव्हते, हे घर तुला माहीत नाही, शेजारही माहीत नाही. पण स्टोव्ह तुला माहीत आहे आणि ती चटईसुद्धा, म्हणून फार समजावून सांगावं लागणार नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रविवारी लोकांच्या तक्रारी लिहून देते. तुझ्या काळी वस्तू बिघडली की माणूस ती दुरुस्त करायला न्यायचा. आता वस्तू बिघडली की भांडावं लागतं. मिक्सर पहिल्या दिवाळीच्या फराळालाच जळतो, दुकानदार कंपनीकडं बोट दाखवतो, कंपनी दुकानदाराकडं, आणि वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मारायला नेमका दुकानदार विसरलेला असतो. माझं इंग्रजी बरं आहे आणि भीड कमी, त्यामुळं माझ्या पत्रांना उत्तरं येतात. ‘बाई कंपनीला सोडत नाहीत’ अशी माझी गल्लीत ख्याती आहे. त्या ख्यातीचं मला कौतुक होतं, हेही सांगते. यंत्र घरात आलं की बाईचे कष्ट उतरतील, असं मी शाळेत मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले. यंत्रं आली. पण आता ती बाईबरोबर मागून घेतात. आमच्या शेजारी थोरल्या सुनेच्या माहेराहून रंगीत टीव्ही आला आणि कपडे धुवायचं मशीन आलं. धाकटीचं माहेर जतकडचं, कोरडवाहू. तिच्याबरोबर ती स्वतःच आली. थोरली नवऱ्याबरोबर पुण्याला राहायला गेली. मशीनवर भरतकामाचं कापड घालून सासूनं ते तसंच झाकून ठेवलं आणि सासूसासऱ्यांसकट सगळ्यांचं धुणं धाकटी दगडावर धुऊ लागली.

घरात गॅस आहे. पण सिलिंडर लवकर मिळत नाही म्हणून गॅसला फक्त सासूचा हात. धाकटीला स्टोव्ह. भिंतीपलीकडून मला रोज सकाळी त्याचा आवाज यायचा. मी डोळे न उघडताच ओळखायची की हिनं बर्नर नीट तापवलाय की घाई केलीय. हे कान तुझे आहेत. सांगलीच्या बाजारातून तू पितळी स्टोव्ह आणलास तो दिवस मला लख्ख आठवतो. पलूसपर्यंत एस.टी.त तू तो मांडीवर घेऊन बसलीस, कंडक्टर म्हणाला, ‘मावशी, ठेवा की खाली, पळून जातोय व्हय?’ आणि तू म्हणालीस, ‘तुजी बायकू ठेवील खाली, मी न्हाई.’ सगळी गाडी हसली. घरी आल्यावर तू मला समोर बसवलंस. काकडा रॉकेलात बुडवून बर्नरला लावला, तो पुरता तापेपर्यंत हात पंपाला लावू दिला नाहीस. ‘आगं, स्टोव्ह बोलतो. आवाज बदलला की आधी हवा सोड, मग काय व्हायचं ते हू दे. अन् पदर खोचल्याबिगर त्याच्या म्होरं बसायचं न्हाई.’ पुढं माझ्या लग्नात तू तोच स्टोव्ह मला दिलास. तो अजून माळ्यावर आहे.

दुसरा दिवसही तुला आठवत असेल. मी कॉलेजच्या सुट्टीत सांगलीहून आले होते. बाजूला बसायचे दिवस होते आणि मी मुद्दाम उठून स्वयंपाकघरात गेले, स्टोव्ह पेटवला, चहा केला आणि कप तुझ्यापुढं ठेवला. तू कप उचललास. मला वाटलं, जिंकले. तू तो मोरीत ओतलास, कप आपटलास आणि म्हणालीस, ‘तुजं कॉलेज सांगलीत ठिवून येत जा. माज्या घरात हे चालायचं न्हाई.’ मी मागच्या सोप्यात जाऊन चटईवर बसले, भिंतीकडं तोंड करून. संध्याकाळी तू लांबूनच ताट सरकवलंस आणि लांबच बसलीस. मग म्हणालीस, ‘तीन दिस बाईला कोन हाक मारत न्हाई. तेवढंबी काढून घेता व्हय गं तुमी शिकलेल्या?’ मला ते तेव्हा मूर्खपणाचं वाटलं. आजही मी ही रूढी मानत नाही, माझ्या घरात तिला थारा नाही. पण तुझं ते वाक्य गेले कित्येक दिवस माझ्या डोक्यातून हलत नाही.

कारण धाकटी तशीच बसलेली होती. त्या घरी ही रीत फार कडक. ती भाजली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांचा खलबत्ता परत द्यायला मागच्या दारानं गेले, तर ती मागच्या व्हरांड्यात चटईवर बसून जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडत होती. शेजारी तिचा वेगळा तांब्या, वेगळं ताट.

मी चिडले. ‘दहावी झालीस ना तू? काय हे?’

ती हसली. ‘सुट्टी हाय बाई मला. परवापातूर. बसू द्या की. उठल्यावर हायेच.’

आतून सासूनं हाक दिली, ‘बाई, चहा घ्या. मीच केलाय, बिनघोर घ्या. तिचा हात चालत न्हाई परवापर्यंत.’ मी चहा घेतला. साखर जास्त होती. सासू टीव्हीवरच्या मालिकेबद्दल बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी किंकाळी आली. भिंतीपलीकडून त्या दिवशी स्टोव्हचा आवाज आलाच नव्हता. मी धावले तोवर तिला रिक्षात घातलं होतं. सासू दारात छाती बडवत होती, ‘चहा ठेवायला गेली अन् स्टोव्ह भडकला वो!’ गल्लीनं हळहळ केली. स्टोव्ह भडकतात, रोज कुठं ना कुठं भडकतात, पेपरात चार ओळी येतात, आणि का कोण जाणे, नव्या सुनांच्याच हातात भडकतात. हवालदार आला आणि उंबऱ्यावर उभं राहून लिहून गेला. स्टोव्ह त्यानं पाहिलासुद्धा नाही.

त्यानंतरच्या रविवारी सासू आणि तिचा मुलगा, धाकटीचा नवरा, पिशवीत तो स्टोव्ह घेऊन माझ्याकडं आले. मुलगा एम.आय.डी.सी.त कामाला आहे, माझ्याच शाळेतला, मान खाली घालून बोलणारा.

‘कंपनीवर तक्रार लिहून द्या बाई,’ सासू म्हणाली. ‘तुमी लिहिलं म्हणजी झालं. कंपनीचा दोष निघाला की पोलिसाचंबी मिटंल.’

‘ठेवून जा,’ मी म्हटलं. ‘तपासल्याशिवाय मी लिहीत नाही.’

ते गेल्यावर मी तो ओट्यावर ठेवला. टाकी अखंड. कुठं फुगवटा नाही, जोड सुटलेला नाही. पंपाचा वायसर शाबूत. मी रॉकेल भरलं, काकडा लावला, पदर खोचला, हवा भरली. आई, तो पेटला. निळा, गोल, एकसारखा, तुझ्या स्टोव्हसारखा आवाज करत. मी हवा सोडून तो विझवला. तरी मी स्वतःला बजावलं की घाई करू नकोस. बर्नर नीट तापला नसेल तर चांगला स्टोव्हही भडकतो. हा पुरावा नाही. पण मग दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो मला कॉलेजनं शिकवलेला नाही, तू शिकवलास. जिचा हात चालत नव्हता ती चहा ठेवायला आत गेलीच कशी?

मी सरकारी दवाखान्यात गेले. अंगावर जाळीचा पिंजरा, त्यावर चादर, चेहरा तेवढा वाचलेला. सासू उशाशी.

‘सांग बाईंना कसं झालं ते.’

‘चहा ठेवायला गेले. स्टोव्ह भडकला. माज्याच हातनं झालं,’ ती म्हणाली. शाळेत पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुली मी आयुष्यभर ऐकल्या आहेत. नर्सनं औषध आणायला सासूला पिटाळलं तेव्हा मी वाकले आणि विचारलं, ‘तू तर बाजूला बसली होतीस. आत कशी गेलीस?’

तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं. मग म्हणाली, ‘बाई, माजी चटई भायेरच पडली असंल. कोन शिवायचं न्हाई तिला. तुमी बघा.’

एवढंच. पुन्हा डोळे मिटले. तिला आणखी बोलायचं नव्हतं की बळ नव्हतं, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारानं गेले. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. भिंतीवर काजळी नाही, छत स्वच्छ. आणि व्हरांड्यात चटई होती तिथंच. घर पुसलेलं, अंगण सारवलेलं, लुगड्याच्या चिंध्यासुद्धा गोळा केलेल्या, पण चटई, तांब्या आणि ताट जागचं हललं नव्हतं. चौथ्या दिवशीची अंघोळ करून तिनंच ते उचलायचं, आणि ती अंघोळ झालीच नव्हती. त्यांनी सगळं आवरलं, आई, फक्त तिचा विटाळ आवरायला कुणी हात लावला नाही. अर्धी चटई जळून काळी झाली होती. मी वाकले तर रॉकेलचा वास आला. खाली फरशीवर बसलेल्या माणसाएवढा डाग होता. दगडानं घासून तो निघतो, पण घासायला चटई उचलावी लागली असती.

मी ती गुंडाळायला लागले तेवढ्यात सासू दारात आली. तिच्या तोंडून पहिलं जे निघालं ते असं, ‘आवं बाई, शिवू नका तिला! तिची हाय ती!’

मग आपण काय बोललो ते तिला कळलं. तिचा हात दाराच्या चौकटीवर तसाच राहिला. ज्या दिवसांत पोरीला चुलीपाशी यायला बंदी, त्या दिवसांत आग तिच्यापाशी कुणी नेली, हे मी विचारलं नाही. दोघींनाही ते ऐकू येत होतं. मी चटई काखेत मारून माझ्या घरी आले.

संध्याकाळी मुलगा आला. या वेळी मान खाली नव्हती. ‘स्टोव्ह द्या बाई परत. तक्रार नको आमाला.’

‘उद्या,’ मी म्हटलं.

तो ओट्याकडं बघत राहिला. ‘तुमी एकट्याच ऱ्हाता, न्हवं? गॅस वापरता का स्टोव्ह?’ आवाज अगदी साधा, चौकशी करावी तसा. मी दार लावलं. त्यानंतर त्याची मोटारसायकल बराच वेळ माझ्या खिडकीखाली नुसतीच सुरू होती.

आज सकाळी चौकीत तोच हवालदार होता. ‘पेशंटचा जबाब झालाय बाई. ती सोताच म्हनती भडकला. तुमी कशाला यात पडताय?’

‘जबाब घेतलात तेव्हा सासू कुठं होती?’

‘...पानी पाजत व्हती तिला.’

‘मग तिला बाहेर बसवून पुन्हा घ्या. आणि हे जमा करून घ्या. मी समोर बसते, तुम्ही लिहा.’

त्यानं स्टोव्ह फिरवून पाहिला. ‘चालू हाय?’

‘पेटवून दाखवू?’

‘नको, नको.’ चटईसाठी त्यानं हात पुढं केला. ती कसली चटई आहे हे मी सांगितलं. त्यानं हात मागं घेतला. ‘ठेवा तिकडं कोपऱ्यात.’ तोही, आई. खाकी कपड्यातला, आग लागलेली घरं बघितलेला माणूस.

पुढं काय होईल मला माहीत नाही. दवाखान्यातून आज काही कळलेलं नाही. मुलासाठी पाटणकडं एक स्थळ बघून ठेवलंय, असं वाण्याच्या दुकानात बायका बोलत होत्या. मी गॅसची नळी तपासली, मग पुन्हा तपासली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ते तुझ्या स्टोव्हबरोबर माळ्यावर जाईल. एक मात्र तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. चौकीतून आल्यावर मी डोक्यावरून अंघोळ केली. अंगाला रॉकेलचा वास येत होता, असं मी स्वतःला सांगितलं. वास हाताला होता, केसांना नव्हता.

जमा केलं ते असं. स्टोव्ह, पितळी, एक, टाकी अखंड, चालू स्थितीत. चटई, शिंदीची, एक, अर्धी जळालेली, रॉकेलचा वास असलेली. ‘कुणाच्या मालकीची’ याच्यापुढं हवालदारानं दोन्हीला सासऱ्याचं नाव घातलं होतं. स्टोव्हचं मी राहू दिलं. चटईपुढचं खोडायला लावलं आणि तिचं नाव लिहून घेतलं.