अळणी पातेल्याचा निवाडा

सेंट जॉन्स,
११ जानेवारी १९८८

चि. अ‍ॅम्ब्रोज यास,
अ. आ.

तुझे आणि डोरीनचे पत्र एकाच टपालाने आले. बापलेकीने मिळून मला पंच नेमले आहे. तेव्हा काय ठरले ते आधी लिहून काढते, म्हणजे मागाहून कोणी शब्द फिरवायला नको. पत्नी स्टेला वारल्यापासून तू घरात एकटा आहेस. हृदय अशक्त आहे, पायांवर सूज आहे आणि डॉक्टरांनी मीठ बंद केले आहे. मार्चमध्ये नर्स मिस पाइक बेटावर येतील. त्यांच्या अहवालावरून आणि तुझ्या पत्रांवरून माझी खात्री पटली, की तू स्वतःचे पथ्याचे जेवण स्वतः करून खातोस, तर तू घरीच राहशील. न पटली, तर घराला कुलूप लावून दूर अल्बर्टा प्रांतात मुलीकडे जाशील. तू माझा भाऊ आहेस, ही गोष्ट पुराव्यात धरली जाणार नाही.

तू पाककृती मागितल्या आहेस. त्या पाठवणार नाही. पाककृतीतल्या निम्म्या वस्तू तुमच्या दुकानात नसतात, बोट बर्फात अडकली की उरलेल्या निम्म्याही नसतात. मग तू कागद समोर ठेवून बिस्किटे खात बसशील. उलट्या टोकाने सुरुवात कर. तळघरात आणि फडताळात काय आहे ते पाहा. त्यातले सर्वांत आधी नासणारे काय, ते ठरव. ते आज शिजव. बाकीचे त्याच्या सोबतीला शोध. स्वयंपाक म्हणजे एवढा एक प्रश्न रोज नव्याने सोडवणे. तो तुला जमावा.

माझा लोभ आहे तसा राहील. निकाल मात्र पुराव्याप्रमाणे लागेल.

फिलोमिना

गल कोव्ह,
२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शेजारच्या हिल्डाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, की तुझी बहीण जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होती ते कळतंय. भावाची खुशाली विचारायलाही बाईला आधी मुद्दा लागतो.

तू सांगितल्याप्रमाणे तळघरात उतरलो. बटाटे, सलगम, गाजरं, कांदे भरपूर. कोबीचे काही गड्डे, वरची पानं सुकलेली. फडताळात वाटाण्याची पिवळी डाळ, ओट, व्हिनेगर, आणि स्टेलाने वाळवून ठेवलेला सॅव्हरीचा सुगंधी पाला. बाहेरच्या खोक्यात गोठवलेला कॉड मासा आणि डोंगरावरची लाल आंबट फळं. शिवाय खारवलेल्या गोमांसाची बादली, ती आपल्याकडे कुठल्या घरात नसते!

कोबी आधी जाणार होता, म्हणून रविवारी नेहमीचाच बेत केला. एका पातेल्यात मांस, त्यातच कोबी, सलगम, बटाटे, आणि फडक्यात बांधून डाळीची पुरचुंडी. पण मी पथ्य मोडलं नाही बरं. मांसाचा तुकडाही तोंडात घातला नाही. सगळं काढून हिल्डाच्या नवऱ्याला दिलं. सलग तीन रविवार असं केलं. तरी पाय तसेच, बूट चढत नाहीत. हिल्डा म्हणते, दोष डॉक्टरचा आहे. चाळिशीही न गाठलेल्या पोराला हृदयातलं काय कळतं. मलाही तेच पटतंय. तू पंच म्हणून याचा विचार करावास.

थंडीत जपून राहा. या धाकट्यावर असलेली माया आटू देऊ नकोस.

तुझा,
अ‍ॅम्ब्रोज

सेंट जॉन्स,
१५ फेब्रुवारी

चि. अ‍ॅम्ब्रोज यास,
अ. आ.

विचार केला. मीठ मांसात होते. मांस पाण्यात होते. कोबी त्याच पाण्यात होता. निष्कर्ष काढायला माझी गरज नाही. तुझ्या पायांनी तो काढलाच आहे. डॉक्टरांचे वय या युक्तिवादात कुठेही येत नाही, असे हिल्डाला सांग.

हाच घोटाळा बेटावरच्या प्रत्येक घरात होईल, हे मी जाणते. आपल्याकडे भाजीला स्वतःची चव असते हेच कुणाला माहीत नाही. ती नेहमी मांसाच्या पाण्यात बुडूनच ताटात आली. तेव्हा बादली आजच्या आज घराबाहेर गेली पाहिजे. तिच्या जागी हे कर. कांदा मंद आचेवर, तपकिरी होईतो परत. घाई केलीस तर करपेल आणि दोष मला देशील. पाला हातावर चुरडून घाल. उतरवताना व्हिनेगरचे थेंब घाल, किंवा लाल फळे ठेचून बाजूला घे. आंबट असले की जीभ मिठाची चौकशी कमी करते. पहिले काही दिवस सगळे कागदासारखे लागेल. तो पुरावा नव्हे, ती सवय आहे.

शेजारीण म्हणून हिल्डा झाकून ताटही आणत असेलच; ते परत पाठवता येत नाही, हे मान्य. ताटाऐवजी तिच्याकडे अंडी माग. मागण्याने कुणी दुखावत नाही.

बूट चढले की कळव. तोवर आणि नंतरही शुभ चिंतणारी,

फिलोमिना

गल कोव्ह,
१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मिस पाइक येऊन गेल्या. जे झालं ते सरळ सांगतो, मग ओरड.

बादली मी हिल्डाकडे पोचवली होती. तुझ्या सांगण्याप्रमाणे जेवत होतो, सूजही उतरू लागली होती. पण पाहुणी घरी येणार, आणि तिच्यापुढे मासा नि सलगम ठेवायचं? आपल्या आईने आपल्याला घराबाहेर काढलं असतं. म्हणून हिल्डाला सांगून पाहुणीपुरतं साग्रसंगीत जेवण करवून घेतलं, मांसासकट. मिस पाइक आत आल्या, कोट काढायच्या आधी त्यांनी चुलीवरचं झाकण उचललं, आणि वही काढून लिहायला लागल्या. मी म्हटलं, हे तुमच्यासाठी आहे, माझं वेगळं असतं. त्या म्हणाल्या, की असं प्रत्येक म्हातारा सांगतो. मागच्या आठवड्यात तर एकाने त्यांना सांगितलं, की घरातलं सगळं लोणी मांजर खातं.

मग त्यांनीच वही मिटली. म्हणाल्या, की ते पातेलं राहू द्या. सकाळपासून बोटीत ओकून पोट रिकामं झालंय, तर घरात जे असेल त्यातून माझ्यासमोर काहीतरी करून दाखवा.

अर्धा कोबी कडेने सुकत होता, तो आधी घेतला. कांदा परतला, त्याला वेळ लागतो तो लागतो, त्या घड्याळ बघत होत्या तरी मी आच वाढवली नाही. बारीक चिरलेला कोबी, कालचे उकडलेले बटाटे दाबून, पाला चुरडून. वर दोन अंडी फोडली नि झाकण ठेवलं. बाजूला लाल फळं ठेचून. हिल्डा दारातच उभी होती. तिने मिस पाइकना ऐकवलं, की बाई, तुम्ही माणसात वाढला असाल तर मीठ वरच्या फळीवर आहे. त्या म्हणाल्या, नको, आणि बशी पुसून खाल्लं. हिल्डा आपलं पातेलं उचलून जी गेली, ती अजून बोलत नाही.

मिस पाइकनी लिहून दिलंय, की हा माणूस हाताशी असेल त्यातून पथ्याचं नीट रांधू शकतो. प्रत सोबत जोडली आहे. म्हणजे मी जिंकलो. डोरीनला कळवून टाक.

ओरडलीस तरी लोभ ठेव.

अ‍ॅम्ब्रोज

सेंट जॉन्स,
२२ मार्च

चि. अ‍ॅम्ब्रोज यास,
अ. आ.

कळवणार नाही. अहवाल खरा आहे. त्यातून तू काढलेला निष्कर्ष निघत नाही. कुणी समोर बसले असता तू रांधू शकतोस, एवढेच त्यातून सिद्ध होते. पाहुण्यासाठी तू घर पेटवून शेकोटी करशील, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. डोरीनची भीती वेगळी आहे. बापाला येत नाही असे ती म्हणत नाही. कुणी नसताना तो करणार नाही, असे म्हणते. त्याला तुझे उत्तर काय?

कुणी आले नाही अशा एका दिवशी काय खाल्लेस आणि कसे, ते लिही. खरे लिही. खोटे लिहिलेस तर मी निकाल देईन, आणि तो खोट्यावर उभा आहे हे तुला ठाऊक राहील.

रागावू नकोस, रागावलास तरी उपाशी राहू नकोस.

फिलोमिना

गल कोव्ह,
९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो होतो. पत्र लिहायला घेतलं नि फाडलं, म्हणून उशीर.

खरं असं, की स्टेला गेल्यापासून मी जेवायला बसलोच नाही. आधी चहाबिस्किटांवर भागवत होतो. तुझ्या सांगण्यावरून रांधू लागलो, तेही चुलीशी उभ्यानेच पातेल्यातून चमच्याने खायचो, कोट घालून, बाहेर काम असल्यासारखा. काम कसलंच नसायचं.

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात वारा असा, की कुणी दाराबाहेर पडेना. एक सलगम मऊ पडलं होतं, तेवढा भाग कापून टाकला. डाळ, गाजर, शेवटचा मासा, असं सूप केलं. नेहमीप्रमाणे उभ्याने चमचा घातला, आणि मनात आलं, की हे ताईला लिहावं लागणार. लाज वाटली. म्हणून बशी काढली, वाढून घेतलं, टेबलाशी बसलो. बसल्यावर कळलं, की सुपात आंबट कमी आहे. उभ्याने हे कधी कळलं नव्हतं. उठलो, व्हिनेगर घातलं, परत बसलो.

दुसऱ्या दिवशी तुला लिहिण्यासारखं काही नव्हतं. तरी बसलो. तेव्हापासून बसतोय.

बूट चढतात. हिल्डा बोलत नाही, पण नवऱ्याच्या हाती अंडी पाठवते. आता तू काय ठरवशील ते मान्य.

तुझाच,
अ‍ॅम्ब्रोज

सेंट जॉन्स,
१८ एप्रिल

चि. डोरीन हिस,
अ. आ.

नर्सबाईंचा अहवाल आणि तुझ्या वडिलांचे पत्र सोबत जोडले आहे. आधी पत्र वाच.

तुझी भीती निराधार नव्हती. हे मी प्रथम नोंदवते, कारण तुला नंतर कुणी वेडी ठरवू नये. हिवाळाभर ती खरी होती. तो आधी बिस्किटांवर जगत होता, मग चुलीशी उभ्याने खात होता, आणि आपल्या दोघींना ते सांगत नव्हता. त्या स्थितीत मी निकाल तुझ्या बाजूने दिला असता.

स्थिती बदलली आहे. पुढे पुन्हा बदलणार नाही असे मी म्हणत नाही. तशी हमी तुझ्या अल्बर्टातही मिळत नाही. बर्फ सरून बोट नेमाने सुरू झाली की तू ये, चार दिवस राहा आणि स्वतः पाहा. बरोबर खाण्याचे काही आणू नकोस. घरात असेल ते तो करील.

तोवर त्याने घरीच राहावे. कुणी पाहत नसताना तो स्वतःला वाढून घेतो आणि बसून जेवतो. याविरुद्ध युक्तिवाद मी पुष्कळ शोधला, सापडला नाही.

दोघांवर सारखाच लोभ असलेली तुझी आत्या,

फिलोमिना