टेबलावरचं गाणं

३ फेब्रुवारी २००८, रविवार
सुट्टी संपली, मुलं परतली. दिवसभर ट्रंका. झाकणावर पांढऱ्या रंगात आडनाव, आत चादरी, बुटाचं पॉलिश, खाऊचा डबा. टूनगॅबीच्या माझ्या खोलीवरून येताना ट्रेनमध्ये असाइनमेंट वाचणार होते. झोपले.
शिक्षणशास्त्राचं शेवटचं वर्ष, आणि बोर्डिंगमधली ही वीकेंडची नि दोन संध्याकाळची नोकरी. कुणा इंग्रज पाद्र्याने काढलेली लहान मुलग्यांची शाळा. जेवणाआधी लॅटिन प्रार्थना, एकमेकांना आडनावाने हाका. परदेशात, तरी थेट पाचगणी. मेट्रन मॉरीनला म्हटलं, मी अशाच शाळेत वाढले. "मुलग्यांच्या?" म्हटलं, वडील तिथे गणिताचे मास्तर, क्वार्टर्स भटारखान्यामागे. मी जायचे बाजारातल्या मराठी शाळेत.

५ फेब्रु., मंगळ
येत्या रविवारी नव्या मुलांचं गाणं. जेवण झालं की एकेकाने टेबलावर चढून म्हणायचं. मॉरीन सांगत होती आणि मला हसू आवरेना. आमच्याकडेही अगदी हेच. नवे मास्तरसुद्धा सुटायचे नाहीत. मी जाळीच्या दाराशी उभी राहून बघायचे. बाहेर सिल्व्हर ओकमध्ये वारा, आत कस्टर्डचा वास, आणि कुणीतरी थरथरत दुसरं कडवं आठवतोय. सांगत बसले. भांडी तशीच राहिली.

८ फेब्रु., शुक्र
हॅमिश सिकरूममध्ये. नवा मुलगा, लांब पश्चिमेकडच्या मेंढ्यांच्या फार्मवरचा. सारख्या उलट्या, ताप मात्र नाही. शेजारी बसले. बऱ्याच वेळाने भिंतीकडे बघत, "मिस, डू आय हॅव टू सिंग?"
म्हटलं, सगळेच गातात रे. त्याने पांघरूण डोक्यावर घेतलं.

९ फेब्रु., शनि
हेडमास्तरांनी मॉरीनला आणि मला बोलावलं. हा प्रकार बंदच करावा असं त्यांच्या मनात.
मॉरीन : "कित्येक वर्षं बघतेय. त्या रविवारनंतर मुलं घरच्या आठवणीने रडायची थांबतात."
हे.मा. : "आणि जी थांबत नाहीत?"
मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडेही होतं म्हणे. तुला काय वाटतं?"
विचार करून सांगते म्हटलं. गाणं आठवडाभर पुढे ढकललं. इतक्या मोठ्या शाळेचा रिवाज आणि मत माझं विचारतायत. घाबरले.

१० फेब्रु., रवि
बाबांना फोन. रिटायर होऊन फलटणला गेले तरी शाळेचा विषय निघाला की आवाज बदलतो. विचारलं, तुम्ही काय गायला होतात?
"आईची जात्यावरची ओवी. दुसरं येत काय होतं? इंग्रजी हे असं, मोडकंतोडकं. मुलं मागून हसायची. त्या दिवशी टेबलावर चढलो, डोळे मिटले. संपलं तेव्हा चिडीचूप. मग टेबलं बडवली सगळ्यांनी. दुसऱ्या दिवसापासून वर्गात कुणी हसलं नाही, अनू. बंद नका करू म्हणावं."
हॅमिशचं सांगितलं. मग म्हणाले, "उलट्या मलाही झाल्या होत्या."

१२ फेब्रु., मंगळ
हे.मा.ना सांगितलं : ठेवा, पण ज्याला वाटेल त्यानेच उठावं. त्यांनी लगेच मान्य केलं.
मॉरीन नाराज. "मग कुणीच उठणार नाही. सक्ती होती म्हणून तर कुणाला लाज नव्हती." यात तथ्य आहे. तेच खुपतंय.

१७ फेब्रु., रवि
जेवण झालं. हे.मा. म्हणाले, "कोण येतंय?" कुणी नाही. चमचे वाजत राहिले. मोठ्या मुलांच्या टेबलावर खसखस. हॅमिशची मान बशीत. मॉरीन माझ्याकडे बघतही नव्हती.
कस्टर्डचा जग माझ्या हातात. तो खाली ठेवला, बूट काढले आणि चढले. का ते अजून कळलं नाही. वरून हॉल फार मोठा दिसतो. भोंडल्याचं गाणं म्हटलं, बाजारातल्या शाळेत मुली म्हणायच्या ते. मधलं एक कडवं विसरले, तेच पुन्हा म्हटलं. कुणाला एक अक्षर कळलं नसेल, पण पालुपद आलं की टेबलं वाजू लागली.
खाली उतरले तर दोन नवे उठले. एकाने अर्ध्यात सोडलं, तरी वाजवलं सगळ्यांनी.
हॅमिश उठला नाही. कस्टर्ड मात्र दोनदा घेतलं.

१८ फेब्रु., सोम
पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे.मा. म्हणतात बघू. मॉरीनला फोन केला. शांतपणे म्हणाली, "छान गायलीस. पण ते तुझं गाणं झालं, अनघा. त्यांचं नाही." खरं असेलही.
संध्याकाळी बाबांचा फोन. सगळं ऐकून घेतलं, भोंडल्यावर हसले. मग म्हणाले,
"तू तिथे लहानाची मोठी झालीस. तुला कधी कुणी 'तूही गा' म्हटलंच नाही."
म्हटलं, बाबा, ती मुलग्यांची शाळा होती.
"हो. पण मास्तर तर मीच होतो ना."