विंगेतला एक आवाज

लंडन, ९ फेब्रुवारी २००३

तीर्थरूप याडी, तुझ्या पायांवर डोकं ठेवून तुझा लेक रणजीत लिहितो.

मी बरा आहे. थंडी फार, पण खोली गरम असते. वकिलीचा अभ्यास होईल पुरा, बहीण दिपाला सांग. बाचा गुडघा कसा आहे?

माझे घरमालक पीटर्ससाहेब म्हातारे नट आहेत. पन्नास वर्षं त्यांनी हवालदार, पोस्टमन, खानसामा अशीच कामं केली. नायक एकदाही नाही. मी म्हणालो, "हा अन्याय आहे!" ते म्हणाले, "अरे, नायकाला दार उघडून द्यायला कुणी नको का?"

आता त्यांना वाक्यं आठवत नाहीत. नव्या नाटकात चार वाक्यांचा नोकर मिळाला. ते अडले तर त्यांच्या जागी दुसऱ्याला घेणार होते. म्हणून आडून सांगायला मी विंगेत उभा राहिलो.

परवा ते अडलेच. मी हळूच सांगितलं, "गाडी आली आहे." पण माझा आवाज तुला ठाऊकच आहे; वारंगा गावच्या सभेत माझं भाषण ऐकून तूच म्हणाली होतीस, "काहून एवढा वरडून राहिला? माईक हाय की!" इथेही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोक हसले. मला वाटलं, माझ्यामुळे त्यांचं काम गेलं.

साहेब शांतपणे विंगेकडे वळले, वाकले आणि म्हणाले, "होय मालक, तेच सांगायला आलो होतो."

टाळ्या पडल्या. दिग्दर्शकाने आता रोज तसंच करायला सांगितलं आहे.

दोन-दोन तास भाषण ठोकणारा तुझा लेक रोज तीन शब्द बोलतो. टाळ्या साहेबांना पडतात, आणि याडी, मी अंधारात उभा राहून त्या मोजत असतो.

तुझा,
रणजीत