पूर्वीला न सांगितलेली चाल

लालबाग, ६ जानेवारी २०२५

ती. स्व. गंगाधरकाकांस,
आरोहीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की सगळी चाळ ऐकते, म्हणून पत्र. तुमची लेक पूर्वी इथे माझ्याकडे मजेत आहे. कॉलेज, बास्केटबॉल आणि माझ्या हातचं जेवण, तिन्हींनाही नावं ठेवत राहते.

मी शिकवते त्या मुलींची फायनल २ फेब्रुवारीला आहे, माझगावच्या संघाशी. माझगावच्या मुली मॅन-टू-मॅन खेळतात. जिला जी नेमून दिली, तिला ती सोडतच नाही. आमची सगळी भिस्त सुचित्राच्या नेमावर, आणि तिच्या मागची मुलगी तिला श्वास घेऊ देत नाही. एखादी चाल बसवून द्या ना. पूर्वी अजून पहिल्या पाचांत नाही, म्हणून फुगलीय. बाबांना सांगू नकोस म्हणाली, म्हणून मुद्दाम सांगतेय.

तुमच्या चालीची आणि आशीर्वादाची वाट पाहणारी,
आरोही

वेंगुर्ले, ११ जानेवारी

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

चाल सोपी आहे. सुचित्राला कोपऱ्यात उभी कर. तिनं बास्केटखालून पलीकडे धूम ठोकायची. वाटेत पूर्वीच्या बोलण्यात येते ती तुमची आडव्या बांध्याची चंपा उभी कर, पाय रोवून, हात छातीशी. सुचित्रानं तिच्या खांद्याला घासून जायचं. मागची मुलगी सुचित्राकडेच बघत धावते, ती चंपावर आदळते आणि सुचित्रा मोकळी होते. चंपाला धरणारी मुलगी सुचित्राकडे धावली, तर चंपानं वळून बास्केटखाली पास घ्यायचा.

परळला मी संघ शिकवायचो तेव्हाचा एक नियम मात्र पाळ. सरावात समोरच्या मुलीची जागा जी घेईल, तिला चाल सांगायची नाही, आणि बाकीच्यांनीही तिला सावध करायचं नाही. सावध मुलगी बिचकत धावते, मग चाल खरी की खोटी कळत नाही. आमच्या फुगलेल्या बाईसाहेबांना बाहेर बसवू नकोस, काहीतरी काम दे. पडलं की उठायचं, एवढं तिला चालायला लागल्यापासून शिकवलंय.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
गंगाधरकाका

लालबाग, २२ जानेवारी

ती. स्व. काकांस शि. सा. न. वि. वि.

चाल झकास बसली. सुचित्राच्या मागे पळायचं काम पूर्वीला दिलं, आणि तुमच्या नियमाप्रमाणे तिला काही सांगितलं नाही. पहिल्याच खेपेला ती चंपावर अशी आदळली की मागे सिमेंटवर पडली, डोकं आपटलं. मी धावत गेले. पण लेक तुमची. हसत उठली आणि पुन्हा करू म्हणाली. चंपाची जागा मी दर खेपेला बदलते, त्यामुळे पूर्वी फसतेच. नंतरही पडली. एवढा जीव टाकते आहेस तर पाचांत घेईन, असं तिला सांगितलंय.

हे तुम्हाला कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातलीय. पण दोन दिवस जरा विचित्र वागतेय. काल जेवून उठली आणि मलाच विचारलं, जेवायचं कधी. ट्यूबलाइट डोळ्यांना लागते म्हणून दिवा लावू देत नाही. सकाळी चप्पल घालताना भिंत धरून उभी राहिली. चष्म्याचा नंबर वाढला असणार. फायनल झाली की दाखवून आणते. शनिवारी संध्याकाळी शेवटचा मोठा सराव आहे. पूर्वीनं बूट आत्ताच पुसून ठेवलेत.

काळजी नसावी, माया असू द्या.
आरोही

वेंगुर्ले, शनिवार, २५ जानेवारी

आरोही,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. हा नंबरचा प्रकार नाही, डोक्याचा मार आहे. तिला पळू देऊ नकोस. लगेच हॉस्पिटलमध्ये ने, आणि ती डोक्यावर पडली होती हे डॉक्टरांना तू सांग.

शेजारच्या हितेंद्रला तुला फोन लावायला बसवलंय. नुसती रिंग जातेय. सराव सुरू झाला असेल आणि फोन तुझ्या बॅगेत असेल. तो आता या पत्राचा फोटो काढून तुला पाठवतोय. मी मिळेल त्या गाडीनं निघतो.

नियम माझा होता, तू स्वतःला बोल लावू नकोस. मला फार भीती वाटतेय. अक्षर लागत नसेल तर एवढंच वाच: तिला खाली बसव. बरी आहेस ना, असं तिला विचारू नकोस. ती हो म्हणेल. मी तिला तेच म्हणायला शिकवलंय.

पूर्वीचा बाबा