पाठमोरी माफी

प्रिय दादा,

तुझ्या तळ्याकाठच्या गावात आता जागोजागी 'वारसा' अशा पाट्या लागल्यात आणि तुझ्या कापडगिरणीचं संग्रहालय झालंय. "एकदा येऊन बघ" म्हणायचास. आले, तू गेल्यावर, तिकीट काढून. मला अक्कल कायम उशिराच येते.

गाईडने एकच माग सुरू केला आणि मी दोन्ही कान हातांनी दाबून धरले. तो बंद करून म्हणाला, "असे तीनशे चालायचे, ताई. चाळिशीत माणसं बहिरी व्हायची, पण कबूल करतील तर शपथ! समोरच्याचे ओठ वाचून निभवायची."

"आई हाका मारते आणि तू ढिम्म!" असं मीच तुला चारचौघांत सुनावलं होतं. निघताना दारात "चुकलं माझं" म्हणालेही, पण तुझ्याकडे पाठ करून. तू गप्प राहिलास. माफीसुद्धा स्वीकारत नाही म्हणून मी नऊ वर्षं फुगून बसले.

आज तुझ्या मागावर हात ठेवून, ओठ नीट हलवत म्हणाले, "चुकलं माझं, दादा."

गाईड म्हणाला, "असू द्या ताई, हात लावलेला चालतो."

तुझी,
तिखट जिभेची धाकटी